मंतरण्याचा तक्ता

१

चहा गरम होता.

दुसऱ्या कुठल्या घरात या वाक्याला काही अर्थ नसतो. पण या घरात अकरा महिन्यांची मुलगी होती, आणि ती आल्यापासून तिच्या आईने एकही चहा गरम असा प्यायला नव्हता. चहा करायचा, कप कामाच्या टेबलावर ठेवायचा, तेवढ्यात आतून हाक यायची. मग लंगोट बदला, कपाटाखाली गेलेलं खेळणं काढा, पुन्हा थोपटा, आणि परत येऊन साय धरलेला गार चहा औषधासारखा घशाखाली लोटा. नवरा म्हणायचा, "तू मुळात थंडच करत जा ना. तेवढाच गॅस वाचेल."

त्या सोमवारी साडेनऊला केलेला चहा तिने पावणेबाराला तोंडाला लावला आणि तिची जीभ भाजली.

कप साधा होता. निळा, चिनीमातीचा, कानाजवळ टवका उडालेला. आपणच मधे उठून चहा पुन्हा उकळला असेल आणि विसरलो असू, असं तिने स्वतःला सांगितलं. बाळंतपणानंतर बायकांची स्मरणशक्ती विरविरीत होते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवत नव्हतं.

चहा मात्र तिने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. वाया कशाला घालवायचा?

२

ती एका कंपनीसाठी घरून काम करायची. कंपनी गेम बनवायची: तलवारी, चिलखतं, जादूगार, दलदलीतले राक्षस, सगळा सरंजाम. तिच्याकडे नियमांचं खातं होतं, आणि सध्या त्यातला एकच विभाग, वस्तूंवर जादू चढवण्याचा. ऑफिसात सगळे त्याला एन्चांटिंग म्हणायचे. एकदा नवऱ्याला समजावताना ती 'मंतरणं' म्हणाली आणि तिच्या डोक्यात तोच शब्द बसला.

जुनी पद्धत अगदी पोरकट होती. तलवार घ्या, चमचमती भुकटी टाका, बटण दाबा. नशीब असेल तर तलवारीतून आग निघते, नसेल तर तलवारच मोडते. लोकांना दोन्हीचा वीट आला होता. एका खेळाडूने लिहिलं होतं, 'तीनशे तास खेळलो. माझ्या तलवारीला आग लागते, मला काहीच होत नाही.' हे वाक्य तिच्या मनात घर करून बसलं.

म्हणून तिने पद्धत मुळापासून बदलली. आता शक्ती हवेतून यायची नाही, कुणाकडून तरी यायची. म्हाताऱ्या मेंढपाळाकडून धीर, हरणाकडून वेग. त्याच्याकडून ती जाते आणि वस्तूत येते. ज्याच्याकडून जाते तो दाता. घेतलेला गुण दात्याला परत मिळत नाही. वस्तू नाहीशी झाली तर तिच्यातला गुणही कायमचा गेला. फार तर एका वस्तूतला गुण दुसरीत सरकवता येतो, पण सरकवताना थोडा सांडतो, आणि ती सांड भरून द्यायला आणखी एक दाता लागतो. सांड किती? दहातला एक हिस्सा, तिने ठरवलं. फार नको. लोक खेळायला येतात, रडायला नाही.

टीमचा मुख्य, ज्याला सगळे पाठीमागे म्होरक्या म्हणत, तो खूश झाला. "आता कसं, जादूला वजन आलं!"

राहिलं होतं ते तपासणं. त्यासाठी तक्त्यात खोट्या ओळी भराव्या लागत, आणि त्याबाबत टीमची एक रीत होती. प्रयोगाच्या ओळीत भारदस्त नावं लिहायची नाहीत, कारण ती चुकून खऱ्या गेममध्ये जातात. एकदा गेलीही होती. आपल्या टेबलावरची वस्तू लिहायची. 'चार्जर', 'अर्धं सफरचंद'. बघताक्षणी कळावं की हे पुसायचं आहे. रिलीजच्या दिवशी अकरा वाजता अशा सगळ्या ओळी आपोआप पुसल्या जात; त्यांची यादी आदल्या रात्रीच पक्की व्हायची. या वेळचा रिलीज शुक्रवारी होता.

सोमवारी सकाळी मुलीला झोपवून तिने पहिली ओळ लिहिली होती. वस्तू: निळा कप. गुण: ऊब, म्हणजे गेममध्ये थंडीपासून बचाव. पुढचा रकाना दात्याचा. तो रिकामा सोडला तर तक्ता ओळ घेत नव्हता. हा नियमही तिचाच. ती विचार करत होती, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत मुलगी झोपेत शिंकली.

दाता: ढमी, तिने लिहिलं. कागदोपत्री मुलीचं नाव वेगळं होतं, पण पोट ढोलकीसारखं तट्ट असल्यामुळे पहिल्या महिन्यातच ती ढमी झाली होती.

मग तिने 'लागू करा' हे बटण दाबलं आणि चहाचा कप बाजूला सारून दुसऱ्या कामाला लागली.

३

मंगळवारी सकाळी ढमीचे पाय गार लागले.

तिने मोजे चढवले. तासाभराने बघते तर मोजेही गार. दोन ब्लँकेटांत गुंडाळून ठेवलं, तर ब्लँकेटं आतून गार. ढमी मात्र मजेत होती. स्वतःचा अंगठा चोखत छताशी गप्पा मारत होती.

"मोजे घाल," नवरा फोनवर म्हणाला.

"घातलेत."

"मग अजून एक जोड घाल."

"तू डॉक्टर का नाही झालास रे?"

खऱ्या डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावला. ताप नाही, कमीही नाही, अगदी पुस्तकातला आकडा. "हे बघा, खातेय, खेळतेय, वजन भरतंय. मुलांचे हातपाय गार लागतातच."

"पोटही गार आहे."

"तुमचे हात गरम असतील, म्हणून तसं वाटतं."

तिने हात पुढे केले. बाईंनी ते चाचपून पाहिले, मग ढमीच्या पोटावर तळवा ठेवला आणि जरा लवकरच उचलला. कागदावर काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "झोप होते का?"

"होते की. दुपारी दोन तास आणि..."

"तिची नाही. तुमची."

घरी आल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. निळा कप सकाळी घासून पालथा घातला होता. तिने तो उचलला आणि गालाला लावला. तो गरम पाण्याने धुतलेल्या कपासारखा गरम नव्हता. झोपलेल्या बाळाची टाळू जशी लागते तसा लागत होता.

४

ती शिकलेली बाई होती. भ्यायचं तर निदान पद्धतशीर भ्यायचं, एवढं शिक्षणाने तिला दिलं होतं. रात्रभर दोन कप शेजारी शेजारी ठेवले, एक निळा, एक पांढरा. बुधवारी सकाळी पांढरा फरशीसारखा गार होता. निळ्याबद्दल तिने ठरवलं की चिनीमातीचे काही प्रकार ऊब धरून ठेवत असतील. आपण काही कुंभार नाही.

एव्हाना तक्त्यात दुसरी ओळही पडली होती, मंगळवारी सकाळीच, डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी. वस्तू: चष्म्याचं घर. गुण: सावली, म्हणजे शत्रूच्या नजरेतून निसटणं. दाता पुन्हा ढमी, कारण रकान्यात पहिलं अक्षर टाकलं की पुढचं तक्ता स्वतःच सुचवायचा. बुधवारी नऊला तिसरी ओळ झाली. पेनांचा डबा. गुण: हाक, म्हणजे दूरच्या सोबत्याला बोलावणं. शुक्रवार डोक्यावर होता. हात कामाच्या सवयीने चालत होते.

दहाच्या सुमाराला कामाच्या खोलीत ऊन यायचं. तिने ढमीला सतरंजीवर बसवलं, पुढे चार ठोकळे ठेवले आणि सहज बघितलं.

ऊन सतरंजीवर पडलं होतं, ढमीवर पडलं होतं, आणि ढमीच्या मागेही पडलं होतं.

ठोकळ्यांच्या मागे चार काळे चौकोन होते. खुर्चीच्या पायांच्या मागे पट्टे होते. ढमीच्या मागे सतरंजीचा लाल रंग सरळ, अखंड, लख्ख दिसत होता. तिने पडदा ओढला, सोडला. ढमीला उचलून दुसरीकडे बसवलं. ढमीला हा नवा खेळ वाटला. ती तोंडभर हसली आणि ठोकळा तोंडात घातला. ठोकळ्याची सावली तिच्या हनुवटीवर आली. हाताची आली नाही.

मग तिची नजर टेबलावर गेली. चष्म्याचं घर काळं, लांबट, उन्हात पडलेलं. त्याच्या मागे भिंतीवर एक गोल डोकं होतं, दोन गुबरे खांदे, आणि तोंडाशी नेलेला हात.

ती बघत असतानाच भिंतीवरच्या डोक्याने मान वळवली.

तिने चष्म्याचं घर खणात टाकलं, खण बंद केला, आणि त्या खणाला पाठ लावून किती वेळ फरशीवर बसून राहिली ते तिलाही कळलं नाही. 'अपुरी झोप आणि भास' असं फोनवर शोधलं तेव्हा खूप काही सापडलं. वाचून तिला चक्क बरं वाटलं.

५

संध्याकाळी सहाला नवरा आला. त्याने बूट काढले, पाय टेबलावर टाकले, आणि पाचव्या मिनिटाला म्हणाला, "अगं, तुझी लेक बोलावतेय."

"आयाऽ!"

ही ढमीची खास हाक होती. नीट 'आई' म्हणता येत नव्हतं, पण मागचा तो सूर फक्त आईसाठी असायचा. बाबाला नुसतं 'बॅ' मिळायचं.

ती हलली नाही, कारण ढमी तिच्या समोरच होती, उंच खुर्चीत, तोंड उघडून, मान ताणून, कपाळ लाल करून. तोंडातून वारासुद्धा येत नव्हता. आवाज येत होता तो मागून, कामाच्या बंद खोलीतून.

"आयाऽ!"

"जा ना गं. कधीची ओरडतेय."

"इकडे ये," ती म्हणाली. "इकडे येऊन बघ."

तो आला तोवर ढमीने तोंड मिटून पोळीचा तुकडा चघळायला घेतला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "काय बघू?"

"आवाज आतल्या खोलीतून आला."

"घुमतो गं आवाज, रिकाम्या भिंती आहेत." मग तिचा चेहरा बघून तो मवाळ झाला. "हे बघ, तो गेम शुक्रवारी एकदाचा बाहेर पडू दे. शनिवारी तू दिवसभर झोप. मी बघतो हिला. चहा गरम राहतो म्हणून धसका घेणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय."

ती हसली. हसायलाच हवं होतं. तो हात धुवायला गेल्यावर तिने कामाच्या खोलीचं दार किलकिलं केलं. आत कोणी नव्हतं. टेबलावर पेनांचा पत्र्याचा डबा होता. त्यातली पेनं, तार छेडल्यावर थरथरावी तशी, अजून थरथरत होती.

६

गुरुवारी सकाळी तिने तक्ता उघडला आणि पहिल्यांदाच तो वाचला. लिहिणं वेगळं, वाचणं वेगळं. दात्याच्या रकान्यात एकाखाली एक लिहिलेलं होतं: ढमी, ढमी, ढमी.

तिला हसू आलं, पण अर्धंच.

कप तिच्या मांडीवर होता. तिने पहिली ओळ निवडली आणि पुसून टाकली. कप गार पडला. हळूहळू नाही, दिवा मालवावा तसा. ती धावत ढमीकडे गेली. ढमी झोपली होती. पाय तसेच गार होते, नदीतल्या गोट्यांसारखे. ऊब कपातून गेली होती आणि कुठेच आली नव्हती. वस्तू गेली की गुण गेला. तिच्याच बोटांनी लिहिलेला नियम.

परत येऊन तिने 'मागे घ्या'ची दोन बटणं दाबली. ओळ आली. कप पुन्हा उबदार झाला. आयुष्यात हजारो वेळा ती बटणं दाबली असतील, पण आज तिने त्यांना मनोमन हात जोडले.

मग तिने कीडनाशकाला फोन लावला. गेममधल्या चुका हुडकून काढणं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. तो ते अभिमानाने मिरवायचा.

"माझ्या प्रयोगाच्या ओळींतला दाता बदलला तर?" तिने विचारलं.

"बदल की. पण आधी घेतलेलं परत नाही यायचं."

"समज, यायला हवं असेल तर?"

"अगं, तूच तर येऊ दिलं नाहीस! मी विचारलं होतं तुला. तू काय म्हणालीस? परत मिळालं तर किंमत काय राहिली?" तो हसला. "फार भारी वाक्य टाकलं होतंस. म्होरक्याने लिहून घेतलं."

"उद्या पुसणं थांबवता येईल का?"

"उद्या? त्याला विचार बाई. पण तो थांबायचा नाही, खेळाडूंना तारीख दिलीय. बरं, ऐक, तुझं एक काम मी हलकं केलंय. 'ओळख' हा गुण तपासायचा राहिला होता ना? वस्तूला मालक ओळखता येणं? टाकली चौथी ओळ आत्ताच. वस्तू म्हणून तुझी खुर्ची लिहिली. मीटिंगमध्ये तू कमी आणि तीच जास्त दिसते."

"आणि दाता?"

"बाकीचे रकाने तुझ्या वरच्या ओळीतून खाली ओढले. का गं?"

ती उठून उभी राहिली. उठताना खुर्ची भिंतीकडे ढकलली गेली होती. चाकं करकरली. खुर्ची सावकाश वळली आणि तिच्याकडे तोंड करून थांबली.

ती दाराशी गेली. खुर्ची थोडी आणखी वळली.

७

ढमी जागी झाली होती. पाळण्याच्या कठड्याला धरून उभी होती.

"उठलं का माझं ढोलकं?"

ढमीने तिच्याकडे बघितलं. ते बघणं वाईट नव्हतं. दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या बाईकडे बाळं जशी बघतात तसं ते होतं, जरा कुतूहल, जरा सावधपणा. तिने हात पुढे केले तशी ढमी एक पाऊल मागे सरली. तिचा खालचा ओठ थरथरला. तोंड उघडलं, बंद खोलीतल्या डब्यातून रडणं सुरू झालं, आणि ढमी पाळण्यात उभी राहून भोवती शोधू लागली: दाराकडे, खिडकीकडे, आईच्या खांद्यापलीकडे. आई शोधत होती.

संध्याकाळी नवऱ्याला बघून ढमीने उडीच घेतली.

"ओहो, आज बाबाचा भाव वधारलाय!" तो म्हणाला. मग म्हणाला, "किती गार आहे गं ही."

"हो."

त्याने तिला घट्ट धरलं. त्याच्या खांद्यावरून ढमी मागे उभ्या असलेल्या बाईकडे थोडा वेळ बघत राहिली, आणि मग कंटाळून दुसरीकडे बघू लागली.

ऊब नसली तर मोजे घालता आले असते. सावलीवाचून कुणाचं काही अडत नाही. मुक्या मुलीची आई होणंही तिने पत्करलं असतं. त्या रात्री तिला एवढं पक्कं कळलं. पण उद्या अकराला खुर्चीची ओळ पुसली की त्या खुर्चीत अडकलेली ही एक गोष्ट जगातूनच नाहीशी होणार होती.

८

शुक्रवारी नवरा नऊला बाहेर पडला. म्होरक्याचं उत्तर आलं होतं: 'शक्यच नाही. सगळे वाट बघतायत. आणि अभिनंदन!'

परत देता येत नाही, पण सरकवता येतं. एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत. ती पावणेअकरापर्यंत या एका वाक्याभोवती घिरट्या घालत राहिली. आणि वस्तू म्हणजे काय, तर वस्तूच्या रकान्यात जे लिहिलं असेल ते. तक्ता काही घरी येऊन बघत नाही.

दारातून हॉलमधली सतरंजी दिसत होती. ढमी आज झोपली नव्हती. ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती.

तिने नव्या चार ओळी उघडल्या. निळ्या कपातून, चष्म्याच्या घरातून, डब्यातून, खुर्चीतून. कुठे? 'वस्तू' या शब्दाखाली तिने चारदा ढमी लिहिलं. पुसायची यादी काल रात्रीच पक्की झाली होती, म्हणजे या ओळी अकरानंतरही राहणार होत्या. कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, कुणीतरी बघायलाच हवं होतं.

सांड भरून द्यायला दाता हवा होता. क्षणभर नवऱ्याचं नाव टाकावं असं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. फार नाही, पण वाटली. शिवाय काय जाणार होतं? दहातला एक हिस्सा. थोडी ऊब, थोडा आवाज. दहात एखादा दिवस पोरीला बघून क्षणभर गोंधळायला होईल. आयांचं तसंही होतं.

दाता: आई.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी तिने 'लागू करा' दाबलं.

९

ओळी एकेक करून लागू होत. झालेली ओळ हिरवी व्हायची.

पहिली हिरवी झाली आणि तिची बोटं गार पडली. नखांपासून कोपरापर्यंत, कोपरापासून छातीपर्यंत. हॉलमध्ये ढमीने पायातला मोजा ओढून फेकून दिला. पाय गुलाबी होते.

एक हिस्सा एवढा असतो? तिने दातावर दात दाबले.

दुसरी हिरवी झाली. कीबोर्डवर तिच्या हातांची सावली होती, ती गेली. हॉलमध्ये ढमीने मागे वळून स्वतःची सावली बघितली आणि तिच्यावर थाप मारली.

फोन वाजला. कीडनाशक. "अगं, काय चालवलंयस? पाच मिनिटं राहिलीत आणि तू नव्या ओळी लागू करतेयस?"

"सांड," ती म्हणाली. ओठ गारठून जड झाले होते. "सांड किती ठेवलीय?"

"शंभर. सगळीच्या सगळी. काल संध्याकाळी म्होरक्याने बदलली, तुला मेल आलीय बघ. खेळून बघणारे म्हणाले, दहा टक्के जाणवतच नाही. काहीतरी गमावल्यासारखं वाटलं पाहिजे. तुझाच मुद्दा की गं! हॅलो?"

स्क्रीनवर खाली एक लाल बटण होतं: थांबवा. ते दाबलं तर उरलेले दोन गुण डब्यात आणि खुर्चीतच राहणार होते. आणि चार मिनिटांनी त्यांच्या जुन्या ओळींसकट पुसले जाणार होते.

तिसरी हिरवी झाली.

"हॅलो? तुझा आवाज येत नाहीये."

तिने तोंड उघडलं होतं. मान ताणली होती.

"आयाऽ!" हॉलमधून हाक आली. थेट ढमीच्या गळ्यातून, खणखणीत, दोन दिवसांतली पहिली स्वतःची हाक.

आता फक्त चौथी. तिचा हात माउसवर होता आणि बाण लाल बटणावर. ढमी सतरंजीवरून तिच्याचकडे बघत होती, त्या अनोळखी, सभ्य नजरेने, आणि आई दुसरीकडे कुठे दिसते का ते शोधत होती. दोन मिनिटं उरली. एक.

तिने ढमीकडे नीट बघून घेतलं. वर उभे राहिलेले दोन केस. हनुवटीवरची लाळ. डाव्या गालावर सतरंजीचा वळ. एकेक गोष्ट परीक्षेच्या आधी पाठ करावी तशी पाठ केली.

आणि तिने माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

१०

टेबलावर फोन पडला होता, आणि त्यातून एक माणूस सारखं 'हॅलो, हॅलो' म्हणत होता. स्क्रीनवरच्या चार ओळी हिरव्या झाल्या आणि मग त्यांच्या वरच्या चार पुसल्या गेल्या. खोली कुणाच्या तरी कामाची होती. चांगली होती, फक्त थंडी फार होती. ती उठली आणि दाराशी आली.

हॉलमधून एक बाळ रांगत येत होतं. भरभर, फरशीवर तळवे आपटत, आनंदाने तोंडभर हसत. वर्षाच्या आतलंच असेल. मुलगी असावी. गुटगुटीत, पोट ढोलकीसारखं, गालावर कसलातरी वळ. उन्हात तिची सावली तिच्याबरोबर धावत होती. कुणाची कोण जाणे, पण पोर मोठी गोड होती. एवढ्याशा जिवाला असं एकटं सोडून हिची आई गेली तरी कुठे, असं वाटून तिला जरा रागच आला.

"आयाऽ!" बाळ म्हणालं आणि दोन्ही हात वर केले.

हाक मोठी ओळखीची होती. म्हणजे आई इथेच, मागच्या खोलीत असणार. तिने मागे वळून बघितलं. खोलीत कुणीच नव्हतं. पण बाळाला ते कसं सांगणार? तिच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता.

ती दारातून जराशी बाजूला झाली, पोरीला आईकडे जायला वाट मिळावी म्हणून.